चाळीने मंजूर केलेली चाकं

माणसाला कुणी बायकोबद्दल बोललेलं एक वेळ चालतं, गाडीबद्दल बोललेलं चालत नाही. धाकू घाडीला तर बायकोने गाडीबद्दल बोललेलंही चालत नसे. आणि बायको, म्हणजे द्रौपदी, गाडी सोडून दुसऱ्या कशाबद्दल फारसं बोलत नसे.

गाडी म्हणजे जीपच्या कुळातली एक जुनी पिकअप. पुढे तिघं अंग चोरून बसतील एवढी केबिन, मागे उघडा हौदा. गिरण्यांचा संप लांबला आणि लांबता लांबता संप कुठला नि आयुष्य कुठलं हे कळेनासं झालं, तेव्हा मेव्हण्याने कंटाळून ही गाडी धाकूच्या गळ्यात घातली. धाकूने आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवलेले. "साचो काय नि गाडी काय, दोनय आवाज करतत," असं म्हणून त्याने ती घेतली. तेव्हापासून सोमवारी आरे कॉलनीच्या तबेल्यांतलं शेणखत मुलुंडच्या सोसायट्यांच्या बागांना, मंगळवारी कुणाचं तरी लोखंडी कपाट, बुधवारी मांडवाचे बांबू, असा संसार चालला होता. ज्यांच्या घरी मंगळवारी कपाट पोचे, त्या घरातली माणसं गुरुवारपर्यंत एकमेकांच्या चपला तपासत बसत.

पण धाकू गाडी धुवायचा तो असा, की चाळीतल्या पोरांच्या आया पोरांना म्हणायच्या, "बघ, त्या पिकअपचे कान कसे स्वच्छ असतात!"

चाळ भांडुपच्या टेकडीवर. खालच्या एलबीएस रोडवरून निघालेला रस्ता सरळ चढत चढत दमतो आणि शेवटी जिथे मटकन बसतो, तो या चाळीचा चौक. चौकात शिरायला एकच फट. चढून येताना डाव्या हाताला रुक्मिणीबाईंचा दगडी ओटा, उजव्या हाताला सार्वजनिक नळाचा कट्टा. दोन्ही गुडघ्याएवढे उंच. त्यामुळे पिकअपचा हौदा दोन्हींच्या वरून जाई आणि चाकं मधल्या फटीतून. चाकं मुळातच बारीक आणि गाडीच्या पोटाखाली लपलेली, म्हणून हे जमे. दोन्हीकडची मिळून चार बोटं जागा उरत असे. धाकू दररोज त्या चार बोटांतून घरी येई आणि रुक्मिणीबाई दररोज ओट्यावरून पाय वर घेत म्हणत, "हळू रे मेल्या, ओटो माझ्या सासऱ्याचो आसा."

बाकी कुणाची गाडी त्या फटीतून येत नसे. चाळीतल्या वनमालाच्या पुतणीच्या लग्नात भाड्याची मोटार खाली रस्त्यावरच थांबली होती आणि नवरी शालू गुडघ्यापर्यंत धरून अख्खा उतार चालत गेली होती. खाली पोचेपर्यंत तिची मुंडावळ एका शेळीने ओढली. ते पाहून धाकूच्या लेकीने, सुलक्षणाने, त्याच दिवशी जाहीर केलं होतं, "बाबा, मी तुमच्या गाडीतनं जाणार. आपल्या दारात बसणार नि हॉलच्या दारात उतरणार." धाकूने मान हलवली होती. तो विषय त्याच्या दृष्टीने तिथेच संपला होता.

सुलक्षणा अंधेरीला सीप्झमध्ये तारा जोडायच्या कामाला होती. तिचं लग्न जमलं ते घाटकोपरच्या कोचरेकरांच्या चंद्रप्रकाशशी. मुलगा गरीब, म्हणजे स्वभावाने. सगळा स्वभाव त्याच्या काकांनी, श्यामकांतनी, आधीच वापरून टाकलेला. श्यामकांत कोचरेकर हे ट्रान्सपोर्टवाले. त्यांच्या नावावर ट्रक होते, दारात ॲम्बेसेडर होती आणि तोंडात कायम एक लवंग असे, ती डावीकडून उजवीकडे गेली की ते बोलणार हे समजायचं.

साखरपुड्याला कोचरेकर मंडळी चढ चढून, धापा टाकत चौकात आली. चहा झाला, पोहे झाले. मग श्यामकांत उठले आणि पिकअपभोवती एक फेरी मारून आले. बूट पुढे करून त्यांनी चाकाला हळूच टोचलं. लवंग डावीकडून उजवीकडे गेली.

"घाडीसाहेब, गाडी ठीक आहे. पण ही चाकं? दाखवायला आणलेल्या मुलीसारखी लाजतायत. बघावं तेव्हा आत आत!"

कोचरेकर मंडळी हसली. चाळीतलीही दोघं-तिघं हसली. त्यांची नावं धाकूने मनात टिपून ठेवली.

"नवरीसाठी आमची ॲम्बेसेडर पाठवतो," श्यामकांत म्हणाले. "या सायकलच्या चाकांवर हॉलपर्यंत यायचं म्हणजे पोरीची हळद वाटेतच उतरायची."

धाकू चारचौघांत शुद्ध बोलायचा निश्चय करून बसला होता. तो निश्चय तिथेच मोडला. "माझा चेडू माझ्या गाडयेतनाच येतला. माझ्या दारातसून तुमच्या हॉलाच्या दारात. मधी तेचो पाय जमनीक लागाचो नाय!"

"असं?" श्यामकांत हसले. "आलात तर मी स्वतः गाडीचं दार उघडीन. पण ॲम्बेसेडर तुमच्या मागे असू दे. रिकामी. असावी आपली."

त्या 'असावी आपली'ने धाकूची झोप उडाली.

दोनच दिवसांत तो कुर्ल्याला गेला. कुर्ल्याला अशी एक गल्ली आहे, की माणूस स्टेअरिंग घेऊन गेला तर बाहेर येताना त्याला त्याच्या मापाची गाडी मिळते. तिथल्या एका रिमवाल्यापुढे धाकू उभा राहिला आणि म्हणाला, "चौडी चाकं पायजेत."

"चौडा करना है तो दो सवाल," रिमवाला म्हणाला. "कितना चौडा? और बाहर की अंदर?"

पहिल्या प्रश्नाला धाकूने वीत पसरली, मग तिला चार बोटं जोडली, मग श्यामकांतचा बूट आठवून आणखी दोन जोडली.

"सेठ, पिकअप का बोला ना? रोड रोलर का नहीं?"

धाकूने शेवटची दोन बोटं मागे घेतली. दुसरा प्रश्न मात्र त्याला समजेना. तेव्हा रिमवाल्याने एक जुनी रिम उचलून समोर धरली. बाहेरचं रुंद कडं, आणि आत जोडलेली भोकांची लोखंडी तबकडी. ती तबकडी गाडीला नटांनी बसते. तबकडी कड्याच्या आतल्या काठाला जोडली, तर सगळं चाक गाडीच्या बाहेर येतं. बाहेरच्या काठाला जोडली, तर चाक गाडीच्या आत जातं. एवढं साधं. पण संसारातल्या सगळ्या भानगडी आत की बाहेर याच प्रश्नाच्या असतात आणि त्यांनाही तबकडी अशीच कुठेतरी जोडावी लागते.

"बाहर किया तो शो है," रिमवाला म्हणाला. "मगर कीचड उडेगा, स्टेअरिंग भारी होगा, बेअरिंग रोएगा. अंदर किया तो कोई देखेगा नहीं, और अंदर कुछ ना कुछ घिसेगा."

"मग लोक काय करतत?"

"लोग बाहर करवाते हैं. फिर इधर आके मेरेको गाली देते हैं."

धाकू परत आला तो ते कोडं डोक्यात घेऊनच. चारी चाकं बाहेर काढली, तर श्यामकांतचे डोळे दिपतील, पण गाडी फटीतून आत यायची नाही आणि नवरी दारात बसायची नाही. चारी आत घेतली, तर गाडी आत येईल, पण नवी चाकं दिसणार कुणाला? पोटाखाली वाकून बघणाऱ्या कुत्र्यांना. रात्री जेवताना त्याने द्रौपदीला विचारलं, "बाहेर की आत?"

"जेवताना?" द्रौपदी म्हणाली.

"चाकां गे!"

"अवो, चेडवाच्या लग्नात लोक चेडवाक बघतत. चाकांक कोण बघता?"

"श्यामकांत."

"मग तेंकाच हार घाला नि चाकांवर बशवा," असं म्हणून द्रौपदीने आमटी वाढली.

खरं म्हणजे प्रश्न धाकूच्या गाडीचा होता. पण फट चाळीची, ओटा रुक्मिणीबाईंचा आणि नळ सगळ्यांचा. चाकं बोटभरही रुंद होणार म्हटल्यावर ही गोष्ट खासगी उरली नाही. रविवारी संध्याकाळी चौकात चाळ कमिटीची सभा बसली. या चाळीत कावळ्याने गॅलरीत घरटं करावं की नाही यावरही सभा झालेली आहे, आणि कावळा अल्पमतात गेला आहे.

अध्यक्ष भाऊ रेडकर. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुसऱ्यांची पार्सलं अडवून ठेवल्यामुळे कुठलीही गोष्ट सरळ पुढे जाताना दिसली की त्यांना अस्वस्थ वाटे.

"विषय," भाऊ म्हणाले, "चाकांची रुंदी आणि दिशा. बोला."

"नळाच्या बाजूला चाक बाहेर आलं तर हंडे ठेवायचे कुठे?" वनमाला उभी राहून म्हणाली. नळावरच्या रांगेत कोण कुणाच्या पुढे हे ती ठरवत असल्यामुळे तिच्या मागे बायकांचं भक्कम बहुमत होतं. "उजवीकडची चाकं आतच पायजेत. नाहीतर उद्यापासून धाकूभावजींच्या घरी पाणी नाही."

"आणि माझ्या ओट्याचा काय?" रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"ओट्याच्या बाजूला दोन बोटं जागा आहे, आजी," वनमाला म्हणाली. "मी स्वतः मोजली."

"बोटां कोणाची?"

यावर थोडा वेळ सगळ्यांनी आपापली बोटं एकमेकांच्या बोटांना लावून पाहिली.

मग भाऊंनी हात वर केला. भाऊंच्या चेहऱ्यावर तडजोडीचं तेज आलं होतं. "दोन्ही पक्षांचा मान राखून असं करू. डाव्या बाजूची चाकं बाहेर, उजव्या बाजूची आत. नवरी उतरणार डाव्या दाराने. व्याही उभे राहणार डाव्या बाजूला. शोभा दिसायची ती डावीकडूनच दिसणार. मग उजवीकडे शोभा करून दाखवायची कुणाला? समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांना?"

चौकात "वा, वा!" झालं. धाकूलाही क्षणभर वाटलं, आपल्याला हे कसं सुचलं नाही. या शहरात निम्मी कामं अशीच होतात: पूल अर्ध्या रस्त्यावर, फूटपाथ एका बाजूला, नळाला पाणी एक दिवसाआड. चाकांनीच तेवढं दोन्हीकडे सारखं का असावं?

तेवढ्यात अंबादास उठला. अंबादास बेस्टमध्ये कंडक्टर. दिवसभर माणसं चढताना आणि उतरतानाच बघत असल्याने त्याला कुठल्याही गोष्टीची दुसरी बाजू दिसायची.

"भाऊ, गाडी आत येताना नळ उजवीकडे. पण चौकात वळून बाहेर जाताना नळ डावीकडे येणार. मग बाहेर काढलेली चाकं नळाच्याच बाजूला नाही का येणार?"

वनमालाने वर बघितलं. रुक्मिणीबाईंनी ओट्याकडे बघितलं. खरं तर फटीला डावं-उजवं काही कळत नसतं, तिला एकूण रुंदी कळते, आणि तेवढी जागा होती. पण हे कुणाच्या लक्षात येण्याआधीच भाऊंनी घसा खाकरला.

"मग बाहेर जाताना रिव्हर्समध्ये जायचं."

"म्हंजे," रुक्मिणीबाई म्हणाल्या, "नवरी म्हायेराकडे तोंड करून सासराक जातली?"

"भावनेला धरूनच आहे," भाऊ म्हणाले. पण बायकांचा आवाज चढला, तसा त्यांनी निर्णय दिला: "आजचा ठराव आत येण्यापुरता. बाहेर जाण्याचा विषय पुढच्या सभेत. डावी बाहेर, उजवी आत. हात वर करा."

सगळे हात वर झाले. अंबादासनेही केला, कंडक्टरला गर्दीच्या विरुद्ध उभं राहणं जमत नाही. पुढची सभा अर्थातच लग्नाआधी झाली नाही.

कुर्ल्याच्या रिमवाल्याने सगळं ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"एक बाजू बाहर, एक बाजू अंदर? किसने बोला?"

"कमिटीनं."

"उसमें कोई मेकॅनिक है?"

"नाय. पण बहुमत आसा."

रिमवाल्याने शेजारच्या दुकानदाराला बोलावून आणलं आणि धाकू दाखवला. "पब्लिक पसंद रिम," तो म्हणाला, "पहली बार बना रहा हूँ. अंदरवाला थोडा घिसेगा, हाँ?"

"नवो जोडो पण चावता," धाकू म्हणाला.

चाकं चढली. डावीकडून बघावं तर गाडी अशी, की गल्लीतून जाताना लोकांनी वाट सोडावी. उजवीकडून बघावं तर तीच जुनी लाजरी, फक्त थोडी जाड झालेली. समोरून बघावं तर एका पायात गमबूट आणि दुसऱ्यात सपाता घालून माणूस उभा आहे असं वाटे. समोरून न बघण्याचा धाकूने निर्णय घेतला.

कुर्ल्याहून भांडुपला येताना योगायोगाने सगळी वळणं डावी. गाडी डावीकडे ओढ घेत होती, पण बैल गोठ्याकडे ओढ घेतो तशी ती घराकडे घेतेय असं धाकूने मानलं. फटीतून ती आत आली. वनमालाने नारळ फोडला, भाऊंनी ठराव यशस्वी झाल्याचं जाहीर केलं आणि धाकूने गाडी नेहमीसारखी डावीकडून वळसा घालून चौकात तोंड बाहेर करून उभी केली. मग तिला झेंडूच्या माळा चढल्या. माळा सुकतील म्हणून लग्नापर्यंत कुणी ती हलवली नाही.

लग्नाच्या सकाळी सुलक्षणा शालू नेसून, घराच्या पायरीवरून थेट केबिनमध्ये, डाव्या दाराशी बसली. मधे द्रौपदी, उजवीकडे धाकू. मागे हौद्यात रुखवत, लाडवांच्या टोपल्या, रुक्मिणीबाई आणि संपूर्ण कमिटी. गाडी फटीतून सहज बाहेर पडली. धाकूने ओट्याच्या बाजूने जरा चेपून घेतली, एवढंच. वनमालाचे हंडे वाचले. उतार संपला. खाली एलबीएस रोडच्या नाक्यावर श्यामकांतनी पाठवलेली ॲम्बेसेडर उभी होती. रिकामी. पांढरी. तिचा ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढून शेंगा खात होता. ती मुकाट्याने मागे लागली.

पुढे चालणारा बॅंड नाक्यावर उजवीकडे वळला, कारण घाटकोपर उजवीकडे. धाकूनेही स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं.

खट्.

स्टेअरिंग थोडं फिरलं आणि थांबलं. धाकूने जोर केला. खट्. आत घेतलेल्या उजव्या चाकाची मागची कड आतल्या लोखंडी ब्रॅकेटला जाऊन भिडली होती. डावीकडे वळताना तिथे मोकळी जागा होती. उजवीकडे नव्हती.

"काय झाला?" द्रौपदी म्हणाली.

"काय नाय."

"काय नाय तर गाडी वळना कित्याक नाय?"

धाकूने मागे घेतली, पुढे घेतली. खट्. मागून ॲम्बेसेडरने हॉर्न दिला, अगदी सभ्य, छोटासा. तो सभ्यपणा धाकूच्या मानेत घुसला. नाक्यावरचा हवालदार शिटी वाजवत आला.

"ए पिकअप, जायचंय कुठे?"

"घाटकोपरला."

"मग वळव की उजवीकडे!"

"माका म्हायत आसा, हवालदारसाहेब. गाडयेक म्हायत नाय."

हौद्यातून भाऊंचा आवाज आला, "काही अडचण?" आणि पाठोपाठ अंबादासचा, "भाऊ, तुम्ही बोलू नका."

बॅंडवाले उजवीकडे बरेच पुढे जाऊन, मागे नवरी नाही हे पाहून वाजवायचं की थांबायचं या विचारात पडले होते. ॲम्बेसेडरचा ड्रायव्हर खाली उतरला, शेंगांची टरफलं झटकली आणि खिडकीशी आला. "वहिनी, या आमच्या गाडीत. शेठ म्हणालेच होते."

धाकूने सुलक्षणाकडे पाहिलं. गिरणी बंद झाली तेव्हाही त्याचा चेहरा इतका पडला नव्हता. तेव्हा निदान सगळ्यांचीच गिरणी बंद झाली होती.

सुलक्षणाने मुंडावळी बाजूला केल्या. "बाबा, डावीकडे वळतेय ना?"

"डावीकडे मस्त वळता."

"मग सरळ घाला. रस्ता ओलांडून स्टेशनच्या बाजूला. तिकडे डावीकडे, परत डावीकडे, की आपण पुन्हा या रस्त्याला येतो उलट्या बाजूने. तिथून डावीकडे वळलं की घाटकोपर."

धाकूने हे बोटावर करून पाहिलं आणि गाडी सरळ घातली. हवालदार बघत राहिला. बॅंडवाले बघत राहिले, आणि मग ढोल पोटाशी धरून धावत सुटले. नवरीची वरात भांडुपच्या भाजीबाजारात शिरली. बाहेर काढलेली डावी चाकं आता खरी शोभा दाखवू लागली. दुधीभोपळे, टोपल्या, वजनकाटे सगळे मागे सरकले. एका भाजीवालीच्या टोमॅटोंच्या टोपलीचा काठ चाकाखाली गेला. ती उठली, पहिली शिवी तिने पूर्ण दिली, दुसरी देताना तिला शालू दिसला. "लग्नाची हाय व्हय? जा बाय, सुखाची ऱ्हा! आणि त्या डायवरला सोडून दे!" उरलेली शिवी तिने मागच्या ॲम्बेसेडरला दिली. ड्रायव्हर खिडकीची काच वर करून मुकाट बसला.

लोकांना वाटलं, घाड्यांनी पोरीची वरात बाजारातून फिरवली. काय ही हौस! काहींनी तांदूळ टाकले.

घाटकोपरपर्यंत रस्ता सरळ होता आणि धाकूचा चेहराही थोडा सरळ झाला. पण हॉल दिसला तो रस्त्याच्या उजव्या हाताला. गेट उजवीकडे. गेटाच्या कमानीखाली श्यामकांत, सफारीत, हातात हार, तोंडात लवंग. ती उजवीकडे गेली.

धाकूने गाडी रस्त्यात थांबवली. पुन्हा तीन डावी वळणं घालून गेटासमोर सरळ यावं, तर डाव्या हाताला वळायला गल्लीच नव्हती, नुसती भिंत होती. मागे बसचा हॉर्न, ट्रकचा हॉर्न आणि त्यांच्यामध्ये तो सभ्य, छोटासा हॉर्न.

ड्रायव्हर पुन्हा खिडकीशी. "आता तरी या, वहिनी. दोन मिनिटांत आत घालतो. नाहीतर रस्ता चालत ओलांडावा लागेल."

"मला माझे बाबा सोडतायत," सुलक्षणा म्हणाली. "तुम्ही शेंगा खा."

धाकूने डोकं खिडकीबाहेर काढलं. "भाऊ! खाली उतरा. सगळे उतरा."

"कशाला?"

"ठराव पुरो करूचो आसा."

भाऊ उतरले. कमिटी उतरली. ज्यांनी हात वर करून चाकं मंजूर केली होती, त्यांनी आता हात खाली घातले: पुढच्या बंपरखाली, मडगार्डखाली, जिथे जागा मिळेल तिथे. "एक, दोन..." भाऊंना मोजायची सवय होती. गाडीचं नाक उचललं गेलं, वीतभर उजवीकडे सरकलं, धपकन टेकलं. पुन्हा. पुन्हा. कमिटीच्या तोंडून जे शब्द निघत होते ते कुठल्याच सभेत नोंदवता आले नसते. भाऊंच्या धोतराचा काष्टा सुटला. अंबादासने दोन्हीकडची वाहनं अडवून, सवयीने, दोनदा टिंगटिंग केलं. घंटा नव्हती, तोंडानेच केलं. गाडीचं तोंड गेटाकडे झालं आणि धाकूने ती सरळ आत, मांडवाच्या दारात नेऊन उभी केली.

श्यामकांत पुढे आले. "हे काय, घाडीसाहेब? गाडी उचलून का आणली?"

कमिटी धापा टाकत होती. भाऊ काष्टा खोवत होते. तेवढ्यात हौद्यातून, लाडवांच्या टोपलीला टेकून बसलेल्या रुक्मिणीबाईंचा आवाज आला.

"आमच्यात नवरेची गाडी माणसां उचलून मांडवात घालतत. तुमच्यात नाय?"

लग्नात 'तुमच्यात नाही?' या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर देणारा वरपक्ष अजून जन्माला यायचा आहे. श्यामकांतची लवंग मधोमध थांबली. त्यांनी एकदा मागच्या कोचरेकरांकडे पाहिलं, कोचरेकरांनी चपलांकडे पाहिलं.

"आहे ना," श्यामकांत म्हणाले. "आमच्यातही आहे. आम्ही जरा... वेगळ्या पद्धतीने उचलतो."

आणि त्यांनी स्वतः पुढे होऊन पिकअपचं डावं दार उघडलं. सुलक्षणा उतरली, थेट मांडवाच्या गालिच्यावर. उतरताना तिने बापाकडे एकदा पाहिलं. धाकू स्टेअरिंगवरचा हात काढायला विसरला होता. द्रौपदीनेच तो सोडवला.

"चाकं मात्र झकास," श्यामकांत डावीकडून बघत म्हणाले. उजवीकडे जायची त्यांना कुणी वेळच दिली नाही. भाऊ तिथे दोन तास उभे राहिले.

संध्याकाळी नवरी सासरी निघाली ती ॲम्बेसेडरमधून. पण आता श्यामकांतपुढे त्यांनीच मान्य केलेली पद्धत उभी होती, आणि ती पाळली जाते की नाही हे बघायला अख्खी भांडुपची चाळ पोहोचवायला आलेली. कोचरेकरांच्या दारात आठ-दहा माणसं ॲम्बेसेडरच्या खाली हात घालून उभी राहिली. ॲम्बेसेडर ही उचलण्यासाठी केलेली गाडी नाही. पहिल्या झटक्यात ती हलली नाही, दुसऱ्यात श्यामकांतच्या कमरेत उसण भरली. तिसऱ्या वेळी नवरीने खिडकीतून खाली वाकून विचारलं, "काका, मी उतरू का?" आणि सगळे कोचरेकर एकदम ओरडले, "नको, नको! पद्धत आहे!"

धाकूने दुसऱ्याच आठवड्यात जुनी बारीक चाकं परत चढवली. रुंद चाकं त्याने कुर्ल्याला नेऊन दिली तेव्हा रिमवाल्याने ती दुकानाच्या दारावर टांगून ठेवली, गिऱ्हाइकांना गोष्ट सांगायला. पिकअप आता डावीकडे वळू लागली, उजवीकडे वळू लागली, फटीतून सुरळीत ये-जा करू लागली. आरेचं शेणखत पुन्हा मुलुंडला पोचू लागलं.

पुढच्या मार्गशीर्षात वनमालाच्या धाकट्या पुतणीचं लग्न निघालं. गाडी धाकूचीच. हॉल मुलुंडला, गेट डाव्या हाताला, आत शिरायला कसली म्हणून अडचण नाही. धाकूने इंडिकेटर दिला, वळायला घेतली, तर हौद्यातून भाऊंनी केबिनच्या छपरावर थाप मारली.

"थांब रे! वळवतोस काय?"

"मगे?"

"उचलायची आहे."

"अहो भाऊ, आता वळता ती!"

"वळते म्हणून काय झालं?" भाऊ खाली उतरून काष्टा घट्ट करत म्हणाले. "मुलीकडचं लग्न आहे. आपल्यात पूर्वीपासून उचलतात."

कमिटी उतरली. बंपरखाली हात गेले. व्याही मंडळी कौतुकाने बघत होती; त्यांच्यातला एक म्हातारा दुसऱ्याला सांगत होता की त्यांच्या गावीही असंच असे, फक्त बैलगाडी असे. धाकूने इंजिन बंद केलं, स्टेअरिंगवरून हात काढले, आणि गाडीचं नाक हवेत उचललं जात असताना मानकऱ्यासारखा ताठ बसून राहिला.